कोऱ्या कागदावरचे अंगठे

गेवराईच्या तहसील कचेरीत माझ्याकडे जाहीरनाम्यांचं काम होतं. निजामाचं राज्य, त्यामुळे कागद उर्दूत यायचा. मी तो मराठीत उतरवायचा, गावोगाव पाठवायचा आणि दवंडी पिटल्याचा अहवाल लिहून ठेवायचा. जाहीरनामा पटकीचा असो की पाणवठ्याचा, लिहिताना मला वाईट वाटत नसे, बरंही वाटत नसे. हात लिहीत राहायचा आणि मी खिडकीतून कडुलिंबाकडे बघत बसायचो.

प्रत्येक अहवालाखाली गावच्या दोन पंचांचे अंगठे लागत. दवंडी आमच्या देखत झाली, याची ती साक्ष. पण पंच पडले शेतकरी. चपराशी गावात पोचायचा तेव्हा ते शिवारात. म्हणून एक सोय करून ठेवलेली होती. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास मी गावात जायचो आणि चावडीत बसून कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर अंगठे घेऊन यायचो. पुढे जसा जाहीरनामा निघेल तसा वरचा मजकूर भरायचा. ही अक्कल माझी नव्हे, आधीच्या कारकुनाची. मोडक्या खुर्चीबरोबर ती माझ्याकडे आली आणि मीही कधी विचारलं नाही.

गोदाकाठच्या एका गावचा म्हातारा पंच अंगठा द्यायला फार जपायचा. आधी हात धुवायचा, धोतराला पुसायचा, मग शाई लावून हलकेच टेकवायचा. अंगठ्यावर विळ्याची जुनी आडवी खूण होती, ती कागदावर स्पष्ट उमटायची.

"नीट उठला का बघा, मुन्शीजी. सरकारचं काम हाय."

मी न बघताच हो म्हणायचो.

एका वर्षी, पेरणी तोंडावर आलेली असताना, कोंडवाड्यात एक चुकार बैल आला. पांढरा, डाव्या शिंगाचं टोक मोडलेला. आधी आसपासच्या गावांत दवंडी द्यायची आणि मुदतीत धनी आला नाही तर जनावर हर्रासात विकायचं, अशी रीत होती. नेमका चपराशी तापाने पडलेला. मी गठ्ठ्यातून पाच गावांचे पाच कागद काढले आणि जेवणाच्या आत पाचही अहवाल लिहून मोकळा झालो. दवंडी कुठेच झाली नाही. मुदत संपली, बैल विकला गेला आणि घेणारा त्याला नदीपलीकडे घेऊन गेला.

चार दिवसांनी तो म्हातारा कचेरीत आला. पाय धुळीने भरलेले.

"मुन्शीजी, बैल माझा व्हता. हुडकत पार नारायणगडापोतर गेलतो. अन् तो हितंच बांधलेला! आमच्या गावात दवंडी कावून न्हाई दिली? आता एका बैलावर तिफन कशी धरू?"

आरडाओरडा ऐकून तहसीलदार साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि कागद मागवले. ते मीच नेऊन दिले.

"दवंडी झाली होती?" साहेबांनी मला विचारलं.

"झाली होती," मी म्हणालो. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला भीतीसुद्धा वाटली नाही. तोंडात होतं ते बाहेर पडलं, एवढंच.

साहेबांनी अहवाल वाचला आणि म्हाताऱ्यापुढे धरला. "हा अंगठा कोणाचा?"

तो वाकून बघत राहिला. विळ्याची खूण अगदी स्वच्छ उठली होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कडुलिंबाकडे पाहिलं.

"माझाच हाय," तो म्हणाला. "मंग दिली आसंल दवंडी. मलाच ऐकू आली नसंल."

साहेबांनी कागद मिटला. म्हाताऱ्याने मलाही रामराम केला आणि तो निघून गेला.

पुढच्या पाडव्याला मी नेहमीसारखा त्या गावच्या चावडीत जाऊन बसलो. तो आला. मी गठ्ठा पुढे सरकवला.

"ह्येच्यावर काय लिवणार, मुन्शीजी?" इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं.

"जे येईल ते," मी म्हणालो.

त्याने हात धुतला, धोतराला पुसला आणि एकेका कागदावर अंगठा टेकवत गेला. नीट उठला का, हे मात्र त्या दिवशी त्याने विचारलं नाही. तेव्हा मीच बघितलं. प्रत्येक कागदावर नीट उठला होता.