खोक्यावरचं नाव

कारेगावात एमआयडीसीच्या कडेला एक गोदाम होतं. चीनहून आलेल्या इस्त्र्या तिथं उतरायच्या. बाहेरच्या मालावर कुणी आणला, कधी आणला, किंमत काय, हे छापलंच पाहिजे असा नियम नुकताच आला होता. म्हणून खोक्यांवर स्टिकर लावायला शेठनं बाया ठेवल्या. अकिला तांबोळी त्यातलीच. चौथी शिकलेली, हाताला चपळ. स्टिकर इंग्रजीत. त्यावर काय लिहिलंय हे विचारायचं तिला कधी सुचलंच नाही.

२००२ च्या उन्हाळ्यात एक बाई तिचं घर शोधत आली. भांडगावची सुषमा, शिवणकाम करायची. उजव्या हाताला पट्टी होती.

"अकिला तांबोळी तुम्हीच का?"

"व्हय."

"मग ही तुमची इस्त्री बघा. करंट बसला, हात भाजला. दौंडचा दुकानदार म्हणतो, ज्यांनी माल आणला त्यांना विचारा."

"मी कुठनं आणणार बाई? मी तर गोदामात कामाला हाय."

सुषमानं खोकं पुढं धरलं आणि स्टिकरवरची इंग्रजी अक्षरं लावत वाचून दाखवलं. माल आयात करणार : अकिला तांबोळी, मशिदीमागं, कारेगाव.

अकिलाच्या अंगाची लाहीलाही झाली. कामाला लागताना रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली होती ती ह्यासाठी! आन् तिचं नाव तिच्याच हातानं खोक्याखोक्यावर चिकटवून घेतलं होतं.

ती सुषमाला घेऊन तडक गोदामावर गेली. मॅनेजर ज्योतिबा पंख्याखाली बसला होता.

"नियमाला नाव-पत्ता लागतो," तो म्हणाला. "कुणाचं तरी टाकावंच लागतं."

"मग शेठचं टाका."

"शेठचं टाकल्यावर लोक शेठच्या दारात येतील की."

"आन् माझ्या दारात आले तर चालतंय? हिचा हात बघा जरा."

ज्योतिबानं मान वळवली नाही. अकिलानं एक खोकं उचललं आणि दोघी शिरूरला वजनमापे निरीक्षकाकडं गेल्या. स्टिकर पाहून साहेब म्हणाले, "यावर तर तुमचंच नाव आहे. जबाबदार तुम्हीच."

"साहेब, मी पुण्याच्या पुढं कवा गेले न्हाई. चीनमधनं माल मी कसा आणीन? तुम्ही गोदामात चला, मग बोला."

साहेब गोदामात गेले, कागद तपासले, तेव्हा माल शेठनंच मागवलाय हे बाहेर आलं. गोदामाला सील लागलं. तिथं कामाला असलेल्या शेजारच्या बायांचं काम सुटलं. त्यांनी कित्येक महिने अकिलाशी बोलणं टाकलं. खटला शेठवर झाला, पण कोर्टाच्या तारखांना तिलाही जावं लागलं, कारण खोक्यावर नाव तिचं. नवरा रशीद म्हणायचा, "जाऊ दे आता." ती ऐकायची नाही. शेवटी शेठला दंड झाला. तो त्यानं उभ्या उभ्या भरला आणि दुसरीकडं गोदाम घेतलं.

विकायला गेलेला माल तर बाजारातच होता. अकिला शिरूर-दौंडच्या दुकानांत जाऊन ती खोकी शोधायची, काउंटरवर आपटायची.

"बाई, माल आमचा. तुमचा काय संबंध?" एकानं विचारलं.

"नाव माझं हाय," अकिला म्हणाली. "काढ ते आधी. आन् ही इस्त्री कुणाला विकू नको."