पोटातले साहेब

आमच्या नाशिकच्या ऑफिसात एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले आणि पाठोपाठ दूध पचेनासं झालं. अर्धा कप चहा घेतला तरी पोट फुगून गुडगुडायचं. तेव्हापासून ते पोटाला 'साहेब' म्हणतात.

"आधीचे साहेब डोळे झाकून मंजूर करायचे हो. हे नवीन फार कडक. दुधाची फाईल दिसली की परत!"

असं म्हणून कोरा चहा फुंकत बसतात. सुरात तक्रार नसते. उलट आता जिना चढतानाही शीळ घालतात.

परवा आमच्या सटाण्याच्या शिपायाने घरच्या म्हशीचा खरवस आणला. पूर्वी असा डबा त्यांच्या टेबलावरून पुढे सरकतच नसे. या वेळी त्यांनी स्वतः वड्या कापल्या, सगळ्यांना वाटल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"कसा झालाय?"

"छान."

"छान काय भाऊ! नीट सांगा. वेलची आहे का जायफळ? गूळ का साखर?"

मी फाईल चाळत काहीही गिळणारा माणूस. दुसरी वडी मात्र सावकाश खाल्ली. गूळ होता, जायफळ होतं, मधे छान जाळी पडली होती, कडा जराशा चिवट होत्या. सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग पोटावर हलकेच थाप मारून म्हणाले,

"साहेब, नुसतं वाचून दाखवलं. सही मागत नाही."