सासूबाईंचं खोकं

पिल्लं गारठून मरायला बर्फच पडावा लागतो असं नाही. एक सुशिक्षित जावई पुरतो.

सासूबाई डोळे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. मागच्या खोलीत त्यांच्या खोक्यात कोंबडीची चाळीस पिल्लं होती, वय दोन दिवस. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला जावई होता, वय बेचाळीस वर्षं. पिल्लांच्या डोक्यावर साखळीला टांगलेला जुनाट साठचा बल्ब बघून जावयातला काटकसरी माणूस जागा झाला. असले बल्ब हल्ली वापरतं का कोणी? त्याने घरातला एलईडी आणून तिथे लावला. काय लख्ख उजेड पडला! पिल्लांनी एकच कालवा केला. जावयाला वाटलं, स्वागत चाललंय. तो खुर्ची ओढून कौतुकाने बघत बसला.

एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे ज्ञान त्याला दीड तासाने झालं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"दिवा कोणी बदलला?" सासूबाई बाहेरच्या दारातूनच ओरडल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, पायाखालची पायरी दिसत नव्हती. दिवा कुठून दिसणार? त्यांनी नुसता पिल्लांचा कालवा ऐकला होता. चप्पलसुद्धा न काढता त्या आत आल्या. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून त्यांचा पिवळा ढीग झाला होता. त्यांनी जुना बल्ब लावला, इस्त्री तापवली, लोकरीच्या चिंध्या तिच्याखाली गरम केल्या आणि तळातली चार पिल्लं त्यात गुंडाळून मांडीवर घेतली. तीन हलली. एक नाही हललं.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "पिल्लांना पेपर वाचायचा नव्हता."

हा जावई म्हणजे हे लिहिणाराच. पण स्वतःची अब्रू स्वतःच काढायची, तर माणसाने जरा लांब उभं राहून काढावी. म्हणून त्याला आपण जावईच म्हणू.

सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, आणि गिऱ्हाइकाने माप देताना पोट आत ओढलं तरी बाहेरचं पोट धरून शिवलेले कोट. पिल्लांचा नाद लागला तो नवऱ्यामुळे. सासरे एकदा बाजारातून डझनभर पिल्लं घेऊन आले आणि कोंबडी आणायची विसरले. "तिचं काय काम?" असं त्यांनी वर विचारलंही. त्या माणसाबद्दल सासूबाई आजही यापेक्षा जास्त बोलत नाहीत. त्यांनी बटणांचं खोकं रिकामं केलं, शिवणयंत्रावरचा दिवा काढून त्यात सोडला, कोटाच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्या कापून भोवती झालर लावली. पिल्लं झालरीत शिरली आणि आईच्या पंखाखाली गेल्यासारखी झोपली. दुकानात त्याला ब्रूडर म्हणतात आणि त्याची पेटी बारा भाषांतल्या सूचनांसह येते. सासूबाई त्याला खोकं म्हणतात.

पुढे खोकी वाढली. टीव्हीचं खोकं, फुटका टब, उभं कापलेलं पिंप. हातात जे येईल त्याचं त्यांनी खोकं केलं. लोक एक दिवसाची पिल्लं आणून देतात आणि पिसं फुटली की घेऊन जातात. बाजारातल्या ब्रूडरबद्दल त्यांचं मत एका हुंकारात मावतं. "हं. काचेची खिडकी ठेवलीय. पिल्लं काय बाहेर बघायला मागतात?" आणि मोबाइलवर बघून खोकं बनवणाऱ्यांबद्दल तर हुंकारही वाया घालवत नाहीत, नुसतं नाकाचं टोक वर जातं.

तर त्या दिवशी मेलेलं पिल्लू कागदात गुंडाळून झाल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "ऑपरेशन रद्द."

डोळ्यातला मोतीबिंदू पिकून दगड झाला होता. तारीख दोनदा पुढे ढकललेली. दोन्ही वेळा खोक्यात पिल्लं होती. आता डॉक्टरांनी आठ दिवसांनंतरची तिसरी तारीख दिली होती आणि त्यापुढे ते जबाबदार नव्हते.

"आई, डोळा जाईल तुझा!" लेक म्हणाली.

"मला दुसरा आहे. पिल्लांना माणूस मी एकच आहे."

"हे आहेत की."

सासूबाईंनी 'हे' कडे पाहिलं. दिसत नव्हतं तरी पाहिलं. मग नाकाचं टोक वर गेलं.

लेक बिचारी एरवी नवऱ्याची बाजू फारशी घेत नाही, पण या वेळी इरेला पेटली. "आई, तू आठवडाभर माझ्याकडे राहायचंस, डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही सांगितलंय. हे इथे राहतील. आठ दिवस आहेत, शिकव त्यांना. गाढवालाही शिकवतात लोक."

"गाढव सांगितलेलं ऐकतं तरी," सासूबाई म्हणाल्या.

जावई चिडला. चिडलेला सुशिक्षित माणूस आधी सामान खरेदी करतो. त्याने प्लायवूड आणलं, गुण्या आणला, थर्मामीटर आणला, आणि दोन दिवस खपून एक चौकोनी पेटी केली. कोपरे असे काटकोनी, की भूमितीच्या मास्तरांनी डोळे पुसावेत. आत गुळगुळीत कागद अंथरला. सासूबाईंनी पेटीवरून हात फिरवला.

"कपाट छान झालंय. पिल्लं कुठे ठेवणार?"

"यातच की!"

"कोपऱ्यात? घाबरली की कोपऱ्यात घुसतात, मागची पुढच्यांच्या अंगावर चढतात, खालची दडपून मरतात. आणि हा कागद! पाय घसरून फाकतात आणि जन्मभर तसेच राहतात. पिल्लं आहेत ती, घसरगुंडीवर आलेली पोरं नाहीत."

"पण थर्मामीटर बघा, पस्तीस डिग्री बरोबर..."

"त्यांना वाचता येतो का तो?"

शेवटी पेटीत त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी वाकवून चारी कोपरे गोल करून घेतले, कागद फेकायला लावला, भाताचं तूस पसरायला लावलं, पाण्याच्या बशीत खडे टाकायला लावले, कारण पिल्लं बशीतही बुडतात. थर्मामीटरचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण तो दुसऱ्या दिवशी चमच्यांच्या खणात सापडला. आणि मग खरी शाळा सुरू झाली. जावयाने डोळे मिटून खोक्यापाशी बसायचं आणि पिल्लं काय म्हणतात ते सांगायचं.

"चिवचिव करतायत," जावई पहिल्या दिवशी म्हणाला.

"शाबास. अजून थोडं शिकलात तर कुत्रा भुंकतो हेही कळेल."

हळूहळू मात्र कळू लागलं. गार पडली की आवाज उंच, टोचणारा, एकसारखा. गरम झालं की आवाजच नाही. चोची उघड्या ठेवून कडेला धापा टाकत उभी. आणि सगळं ठीक असलं की ती आपापसात हळू बोलतात, शिवणवर्गात मास्तरीण बाहेर गेल्यावर बायका बोलाव्यात तशी. पिल्लं वाढतील तशी ऊब कमी लागते, म्हणून बल्ब उंच करायला साखळी. साधारण आठवड्याला एक कडी वर. "साधारण," सासूबाईंनी दोनदा सांगितलं. असे शब्द सुशिक्षित माणसाच्या कानांतून आरपार जातात.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई रिक्षात बसल्या. जावई निरोप द्यायला वाकला. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलतील, डोक्यावर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "दिव्याला हात लावू नका."

तो आठवडा जावयाने मागच्या खोलीत सतरंजीवर काढला. ऑफिसात रजा टाकली; कारण 'कौटुंबिक' लिहिलं आणि ते त्याला खरंही वाटू लागलं. त्याने तूस बदललं, बशा धुतल्या, एका पिल्लाची शेपटीला चिकटलेली घाण कोमट पाण्याने सोडवली. दोन बल्ब उडाले. दोन्ही वेळा साठचाच लावला. लेकीचा रोज फोन. मागून सासूबाईंचा आवाज: "त्यांना सांग, फोन खोक्याजवळ न्या." मग दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही. मग फोन बंद.

सातव्या दिवशी सकाळी जावयाने कॅलेंडर पाहिलं आणि न चुकता बल्ब एक कडी वर घेतला. त्याच दिवशी दुपारी सासूबाई आल्या. डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा, लेकीच्या हाताला धरून. धुळीत जायची मनाई, त्यामुळे त्या मागच्या खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या. खोक्यात एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पिल्लं, पंखांवर खरी पिसं फुटू लागलेली. लेक आत डोकावली, भराभर मोजली, आणि तिने नवऱ्याकडे, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, जरा आदराने पाहिलं.

सासूबाई मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिल्या.

जावयाला धीर धरवेना. आठवडाभराची मोडलेली झोप, रजा, तूस नाकात गेलेलं. "काय सासूबाई," तो म्हणाला, "आली ना विद्या?"

"एक कडी खाली घ्या."