पऱ्यांच्या पंखांवर शाई

क्लाइव्ह प्रुएटला मर्ल ट्रेझाइझने या घराचा उंबरा कधी ओलांडू दिला नव्हता. त्या दिवशी तिच्या लेकीनेच, जोसलिनने, त्याला बोलावून आणलं.

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत क्लाइव्हचं फ्रेमचं दुकान होतं. जुनी सचित्र पुस्तकं घ्यायची, पात्याने चित्रं सोडवायची, चौकटीत बसवून रविवारच्या बाजारात विकायची. चित्रकाराची सही असली तर तेवढा तुकडा कापून चित्राखाली डकवायचा. उरलेलं पुस्तक रद्दीत. मर्ल त्याला तोंडावर खाटीक म्हणायची.

शाळेच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं सँडविचेस भरून मर्लने पऱ्यांची पुस्तकं जमवली होती. फक्त सचित्र आणि सही असलेली. लहानपणी जोसलिनला त्या कपाटापाशी उभं राहायचीही मुभा नव्हती, आणि ते ती विसरलेली नव्हती. आता मर्ल वृद्धाश्रमात जाणार होती. तिथे मिळणार होती एक फळी. पुस्तकं होती एकोणचाळीस.

"चहा टाकू?" जोसलिनने क्लाइव्हला विचारलं.

"नको टाकूस. तो बसणार नाहीये," मर्ल म्हणाली.

"किती जीव आहे तुमचा माझ्यावर, मर्ल," म्हणत क्लाइव्हने पहिलं पुस्तक उघडलं. पतंगावर बसलेल्या परीच्या पंखांवर निळ्या बॉलपेनने आडवं लिहिलं होतं: मर्ल ट्रेझाइझ. पुढच्या चित्रावरही तेच. दुसऱ्या पुस्तकात, तिसऱ्यात, दहाव्यातही.

"आई, काय करून ठेवलंस हे?"

"माझी पुस्तकं आहेत. नाव घातलं."

"मला बोट लावू देत नव्हतीस."

"तुझ्या बोटांना कायम जॅम असायचा."

"यातलं एकही चित्र आता भिंतीवर लागायचं नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"वाचायला चालतात की. तुला वाचता येत असेल तर."

तो चिडून भराभर पुस्तकं उलटत गेला. अगदी तळाचं त्याने दोनदा चाळलं. "हे कोरं आहे. यातल्या चित्रांवर नाव नाही."

मर्लने मान फिरवली. तीन दुपारी ती या पुस्तकावर पेन धरून बसली होती. नऊ वर्षांची असताना मेलबर्नच्या मोठ्या दुकानात ती आईबरोबर रांगेत उभी राहिली होती. म्हाताऱ्या चित्रकर्तीने एका हाताचा मोजा काढला, तिचं नाव विचारलं आणि ते नीट लिहून खाली सही केली. त्या पुस्तकावर तिचा हात चालला नव्हता.

"एवढं एक नेतो," क्लाइव्ह म्हणाला.

"न्या. आणि आई, तू आता एक अक्षर बोलू नकोस."

"सही खरी की खोटी ते तरी बघशील ना? आण इकडे, दाखवते."

त्याने पुस्तक दिलं. मर्लने कार्डिगनच्या खिशातून पेन काढलं आणि सहीचं पान सोडून पहिलं चित्र उघडलं.

"मर्ल, नका हो," क्लाइव्ह म्हणाला. या खेपेला आवाजात टोमणा नव्हता.

नेच्याच्या पानाखाली झोपलेल्या परीवर तिने नाव लिहिलं. मग दुसरीवर. चौथ्या चित्राला क्लाइव्ह टोपी उचलून निघून गेला.

"ठार वेडी आहेस तू," जोसलिन म्हणाली. "ही रद्दी कोण ठेवून घेणार आता?"

"तू. विकता तर येणार नाही," मर्ल म्हणाली आणि तिने पाचवं चित्र उघडलं.