तुटलेली तार

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, तेलाचा वास आला की ती दुपार आठवते. साडीच्या डिझाइनचं काम घरून करायचं तर दोन मॉनिटर हवेत, असं शेठनी बजावलं होतं. मी दोन्ही जोडले, केबली बदलल्या, लॅपटॉप बंद-चालू करून दमले. "मेला दुसरा ओळखतच नाही!" मी ओरडले. लूमवरून आलेले वडील तेलकट बोटांनी केबल चाचपू लागले. "कोठे तरी तार तुटेल शे. सापडनी का गाठ मारी देसू." तार तुटलेली नव्हतीच, त्या लॅपटॉपला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता यायचा, दुसरा कधीच चालणार नव्हता. काम गेलं. आता म्हातारपणी सगळं विसरलेले वडील मला ओळखत नाहीत. माझं मनगट हातात घेऊन, कुठं तुटलंय ते चाचपत बसतात.