गोदामाच्या भिंतीवरचं हसू

आमच्या चौकातलं सोसायटीचं गोदाम तुम्ही आधी पाहिलं असतंत, तर तुम्हीसुद्धा म्हणाला असतात की याला काहीतरी करा. काळी पडलेली उंच भिंत, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात त्याच शेवाळाची खपली. पायथ्याशी कायम एखादी उसाची रिकामी ट्रॉली उभी. तिच्या आडोशाला पुरुषमाणसं काय करायची ते मी लिहीत नाही, पण आम्ही बायका तिथून जाताना पदर नाकाला लावूनच जायचो.

तर ह्या दिवाळीच्या तोंडावर ती भिंत धुतली, रंगवली. खालून वर उजेड फेकणारे दिवे बसवले, कधी हिरवे, कधी जांभळे. चौकातल्या लिंबालाही दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. आणि भिंतीच्या मधोमध लावली स्क्रीन. दोन बैलगाड्या एकीवर एक रचल्या तर होईल एवढी. त्यावर काय काय येतं सांगू? ठिबक सिंचनाची जाहिरात, सोन्याच्या दुकानाची जाहिरात, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि मध्येमध्ये गावातली माणसं. मला तर बाई आवडलं. सत्तरी गाठलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण आवडलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी माझ्या धाकट्या जावेला म्हटलं, चल गं बघायला.

आता हिचं सांगते. माझे दीर मागल्या संक्रांतीनंतर गेले. एकत्र जेवणारं घर होतं आमचं, नंतर मध्ये भिंत घातली, पण पलीकडे भांडं पडलं तरी अलीकडे ऐकू येतं. दीर गेल्यापासून ती म्हशीशी बोलायची ते मला ऐकू यायचं. माणसांशी बोलणं बंदच केलं होतं तिने. वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही, गोडधोड नाही, लग्नकार्य नाही, गर्दीत जाणं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. तोही पाळायचा बाईमाणसाने. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत, त्याने गणपतीत मित्रांबरोबर फोटो टाकले तेव्हा कुणी काही बोललं नाही.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "लोक काय म्हनतील."

"लोक भिंतीकडं बघतील. तुझ्याकडं कशाला बघतील? आपन लांब बसू, अंधारात."

हे माझे शब्द. तिने पायात चपला घातल्या त्या माझ्या शब्दावर.

बंद असलेल्या शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. पुढे सगळं गाव. भाषणं झाली, बटण दाबलं, आणि स्क्रीन काही लागेना. एकजण शिडीवर चढला, एकजण खालून ओरडून त्याला शिकवत होता. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे बिचारे खुर्चीत बसून राहिले. आणि लागली कधी, तर ते पाहुणे गाडीच्या किल्लीने कान कोरत होते तेव्हा. कार्यक्रम स्क्रीनवर दाखवायचा कॅमेरा त्यांच्यावरच होता, त्यांना काय पत्ता. भिंतीवर सुपाएवढा कान आणि त्यात वखर चालवल्यासारखी ती किल्ली. चौक हसायला लागला. पाहुण्यांना वाटलं आपल्या भाषणाची आठवण निघाली, त्यांनी हात जोडले, एका हातात किल्ली तशीच.

माझी जाऊ हसली. एरवी ती हसताना तोंडावर हात धरते, पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे ना, म्हणून. त्या दिवशी हात विसरली. पदर डोक्यावरून घसरला, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्या मांडीवर थापा मारत "अक्का, कान बघा, अक्का" असं चाललेलं. मी खुशीत होते. म्हटलं, चला, माणूस परत आलं.

तेवढ्यात कॅमेरावाल्याने लाजून कॅमेरा पाहुण्यांवरून काढला आणि गर्दीवर फिरवला. फिरवत फिरवत आणला आमच्यावर. जांभळ्या उजेडात आमचा ओटा काही अंधारात राहिला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भिंतीवर ती. तेवढी मोठी. हसणारी.

आणि तिच्या शेजारी माझा हिरवा पदर. तो दिसला मात्र, मी सरकले. ठरवून नाही, चटका बसल्यावर हात मागे येतो तशी सरकले. ओट्याच्या पार कडेला. तिची थाप पुढची पडली ती रिकाम्या फरशीवर. मग तिने वर पाहिलं, स्वतःला पाहिलं, पदर ओढला आणि उठून चालू लागली. मी मागून गेले, जरा अंतर ठेवून.

एवढ्यावर भागलं असतं. पण स्क्रीनवाल्याला ते हसू आवडलं. दुसऱ्या दिवसापासून दोन जाहिरातींच्या मध्ये ते यायला लागलं. खाली अक्षरं, "आपला चौक, आपला आनंद". गिरणीत दळण टाकायला गेले तर तिथे एकीने विचारलंच.

"धाकट्या जाऊबाई बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या हायेत की."

"दिसतंयच रोज. बरं झालं बाई, लवकर सावरल्या."

बाकीच्या बायका पिठाच्या डब्यांकडे बघत राहिल्या. मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं की मीच नेलं होतं तिला. मी म्हटलं, "दळण जरा बारीक काढा." आणि बाहेर येऊन उभी राहिले.

रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी चौकात जायची. ते आलं की मला तिचं हसू दिसायचंच नाही. मला दिसायचा तो हिरवा पदर. आधी असतो, मग हळूच चित्रातून निघून जातो. कुणाच्याही ध्यानात येत नसणार. गाव तिचा दात बघत होतं, मी माझा पदर. वर्षश्राद्धाला भावकी येणार, तिचा भाऊ येणार, सगळे त्या चौकातच उतरणार. हे बघतील आणि तिला बोलतील, असं मी घरात बोलून दाखवलं. खरं कारण दाखवलं नाही.

मग एके दुपारी गेले स्क्रीनवाल्याकडे. मोबाईलच्या दुकानावर त्याची खोली आहे, जिना चढताना माझा गुडघा बोलतो. तिशीतला माणूस, बोलायला गोड.

"आजी, लोकांना आवडतंय ते. काढू कशाला?"

"बाई दुःखातली हाय. मालक गेलेत तिचे."

"अरेरे. मला काय माहीत. तुमच्या कोण त्या?"

"शेजारीन," मी म्हटलं.

काय गरज होती? त्याने काय कोर्टात नेलं असतं मला? पण निघालं तोंडातून. त्याने तिथल्या तिथे माझ्यासमोर ते काढून टाकलं, चहा पाजला आणि जिन्यापर्यंत हात धरून सोडलं. मी हलकी होऊन घरी आले. त्या संध्याकाळी चौकाकडे फिरकलेसुद्धा नाही.

पुढल्या बाजाराच्या दिवशी जाऊ माझ्या दारात आली. नीट लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर.

"अक्का, चौकात येता?"

"कशाला गं?"

"ते येतं म्हनं माझं. समदी बघून आली, मीच न्हाई बघितलं. त्या दिवशी नुसतं दिसलं आन् पळाले मी." मग जरा थांबून म्हणाली, "माझा हसताना फोटूच न्हाई एक. लग्नातला हाय, त्यात रडतीय. ह्यांच्यासंगं काडलेला हाय, त्यात तोंड मिटलेलं. ह्ये म्हनायचे, हास की जरा. आन् आपन दोघी हाय ना त्यात? तुमी शेजारीच हुता."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चपला घातल्या.

त्याच ओट्यावर बसलो. ठिबक आलं. सोनं आलं. कुणाचा तरी वाढदिवस आला. ती मान वर करून बघत होती, आणि येणारी-जाणारी माणसं तिला बघत होती, आणि तिला त्याचं काही नव्हतं. वाढदिवस परत आला.

"लांबलं बाई आज," ती म्हणाली.

"न्हाई येनार ते," मी म्हटलं. "मी काडाया लावलं."

ती माझ्याकडे वळली नाही. स्क्रीनवर ट्रॅक्टर आडवातिडवा नाचत होता, त्याचा लाल उजेड तिच्या गालावर.

"लोक बोलत हुते," मी म्हटलं. "गिरनीत."

"मला बोलत हुते ना?"

"व्हय."

"मग मला इचारायचं."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले तरी असते. पुढचं मात्र तीच बोलली. "चला, इचारू त्याला. असंल त्याच्याकडं."

जिना चढलो. स्क्रीनवाल्याने मला ओळखलं, मग तिला ओळखलं, मग आमच्या दोघींकडे पाळीपाळीने बघितलं. "ह्या तुमच्या शेजारीन," असं तो हसून म्हणाला आणि जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या वायरी बघत राहिले.

"सक्की जाऊ हाय मी त्यांची," ती त्याला म्हणाली.

त्याने बरंच शोधलं. नव्हतं. काढलं ते काढलंच होतं. तोही बिचारा वरमला. म्हणाला, "मावशी, बसा इथं खुर्चीत. आत्ता परत काढतो. तेवढंच हसा."

ती बसली. पदर नीट केला. त्याने दिवा लावला, मोबाईल समोर धरला. "हसा मावशी." तिने दात दाखवले, लगेच ओठ मिटले. हात तोंडावर गेला, तिने तो खाली घेतला, परत गेला. "पाहुण्यांचा कान आठव गं," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. तिने आठवायचा प्रयत्न केला हो, खरंच केला. शहाण्या मुलीसारखी कॅमेऱ्याकडे बघत बसली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्या दिवसाचं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "जमंना."

जिना उतरताना माझा गुडघा अडला. तिने हात धरला. मी खाली येईपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि चौकातल्या त्या हिरव्या-जांभळ्या उजेडात, सगळ्यांच्या देखत, घरापर्यंत तसाच धरून चालली. तोंड वर करून तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. अजून होत नाही. रोज सकाळी ती म्हशीशी बोलते ते भिंतीपलीकडून ऐकते, आणि आज जाऊन बोलावं असं म्हणत चुलीपाशी बसून राहते.