मोटेवरचा आवाज
ओल्या चामड्याचा वास आला की मला जानेफळजवळची आमची विहीर आठवते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. मोट हाकताना बाबा गायचे आणि त्यांच्या भरदार आवाजावरच बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, मागं सरायचे. सत्तरी उलटली तसा तो आवाज पातळ, चिरका होत गेला. एका सकाळी बैल उताराच्या टोकाला जाऊन उभेच राहिले. बाबा जीव तोडून गात होते, पण जनावरं मागं सरेनात. बांधापलीकडून शेजारी ओरडला, "काऊन हो, आज बाई हाकून राह्यली का मोट?" मी हसलो. बाबांच्या हातातला कासरा घेतला, त्यांचंच गाणं म्हटलं, आणि बैल लगेच मागं सरले. "मले बैलायनं ओयखलं नाही," एवढंच बाबा बोलले. त्यानंतर ते बोललेच नाहीत. शेवटचं पाणीसुद्धा त्यांनी खुणेनंच मागितलं. माझंही आता वय झालंय. काल फोनवर कुणी पोरगा मला म्हणाला, "आजी, आजोबाले द्या ना जरा." मी खुणेनंच माझ्या मुलाला बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला.